मीठ बघणारी

शलाकाने हेल्मेट डोक्यावर चढवलं, तसा तंत्रज्ञ पेडणेकर घुटमळला.

"मॅडम, आजची आठवण चार वर्षांच्या पोराची आहे. मारणारी त्याची आईच. तुमच्याही घरी लहान आहे, नका घेऊ."

"मग कोण घेणार? तू?"

पीडिताची आठवण गुन्हेगाराच्या डोक्यात घालायची, हीच आता शिक्षा होती. पण आधी गुन्हेशास्त्राच्या पदवीधराने ती स्वतः भोगून तपासायची, असा नियम. कॉलेजात या पदाला सगळे 'मीठ बघणारी' म्हणायचे. नोकरी घराजवळ, वेळा ठरलेल्या. रेवा झाल्यावर शलाकाने ती मागून घेतली होती.

तिने आठवण घेतली, 'मात्रा योग्य' असा शेरा मारला. त्यानंतर आठवण ओसरेपर्यंत विश्रांतीच्या खोलीत थांबायचं असतं. पण रेवाची जेवायची वेळ झाली होती, म्हणून ती तशीच निघाली.

दार आईने उघडलं. "किती गं उतरलाय चेहरा! दृष्ट लागली माझ्या बाईला." आणि कडाकडा बोटं मोडायला तिने दोन्ही हात शलाकाच्या कानशिलांकडे नेले.

शलाका मटकन खाली बसली. तोंड हातांनी झाकून ती किंचाळली, "आई, नको! मी नाही सांडलं!"

आईने हात मागे घेतले. दोन वर्षांची रेवा टक लावून बघत राहिली.

बऱ्याच वेळाने शलाका सावरली. डोळे पुसून तिने रेवाला घ्यायला हात पुढे केले.

रेवाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आई, नको," ती म्हणाली.