तुडुमावरचा माणूस

"विमान बिरसीला थांबलंय, ताराचंदजी. उद्या सकाळी शपथविधी आहे." कलेक्टरबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

ताराचंदभाऊ तलावाच्या पाळीवर, तुडुमाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीच्या, तोंडाशी बसले होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, मांडीवर काठी. खालच्या भोकातून तलावाचं उरलंसुरलं पाणी पाटात उतरत होतं. दोनदा आमदार होऊनही नांगर न सोडलेल्या या माणसाचं नाव काल राज्यपाल म्हणून जाहीर झालं होतं. अर्जुनी मोरगावकडचं ते एवढंसं गाव, त्याचा तर कानांवर विश्वास बसेना. बँडवाले ताटकळून झाडाखाली आडवे झाले होते.

"काऊन घाई करून राहिल्या, बाई? सुमित्राबाईची बांधी भरली नाही अजून. धान निसवून राहिलं. आज पानी नाही भेटलं तं पोचट जाईन."

सुमित्राबाईचं शेत पाटाच्या पार टोकाला. एकटी बाई. यंदा गावानं ताराचंदभाऊंना पानकर नेमलं होतं. पानकर तुडुमावरून उठला, की वरच्या बांधीवाल्यांच्या हाताला खाज सुटते आणि पाणी मधेच वळतं. म्हणून टोकापर्यंत पाणी पोचल्याशिवाय त्यानं उठायचं नाही, काठी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, असा गावचा नेम.

"मी दोन पोलीस बसवते इथे."

"पोलीस उद्या निघून जाईन. पानी तं आमाले रोजचंच हाय."

कलेक्टरबाईंनी घड्याळात पाहिलं. एवढे मोठमोठे लोक रांगेत असताना यांचंच नाव का निघालं, हा प्रश्न सकाळपासून त्यांच्या मनात होता. आता तर त्यांना रागही आला. विमान थांबवून ठेवणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

दुपार कलली. तलावाचा तळ उघडा पडला, पाटातली धार करंगळीएवढी झाली. मग दुरून, बांधाबांधावरून हाळी आली, "भरली जी, सुमित्राबाईची भरली!"

ताराचंदभाऊ उठले. काठी सरपंच भोजराजच्या हाती दिली आणि डबक्यात पाय धुऊन चपला घातल्या. बँड वाजू लागला.

पाळ उतरताना कलेक्टरबाई थबकल्या. तुडुमाच्या अगदी खाली, हात लांबवला तर पाणी लागेल इतक्या जवळ, एका बांधीत भेगा पडल्या होत्या. धान वाळून पिवळं झालं होतं.

"इतक्या जवळ असून हे कसं वाळलं? कोणाचं आहे हे?"

"माझं," ताराचंदभाऊ चालता चालता म्हणाले. "पानकराची बांधी सगळ्यायच्या मागून भरते, बाई. यंदा पानी पुरलं नाही."