खुर्चीखालचा मासा

इजिप्तमधल्या दुमियातच्या आमच्या फर्निचर कारखान्यात उस्ता, म्हणजे उस्ताद सुतार, बदावी कॅमेऱ्यासमोर मुद्दाम सावकाश खुर्ची जोडत होते. "एवढं हळू? सासुरवाडीला आलायस का?" मालकांनी चिडवलं. "नव्या पोरांना कळायला हवं ना, इंजिनियरबाई?" उस्ता मला म्हणाले. चित्रफीत पोरांसाठी नव्हती. जोडणी परदेशातल्या कारखान्याकडून करून घेणं निम्म्या खर्चात पडेल, हे गणित माझंच. चित्रफीत तिकडे जाणार होती. मी कॅमेरा चालूच ठेवला. शेवटी नेहमीप्रमाणे त्यांनी नजर लागू नये म्हणून बैठकीखाली पेन्सिलीने मासा काढला. महिन्याभराने तिकडून नमुन्याची खुर्ची आली. उस्तांनी ती हलवून पाहिली. "कुरकुरत नाही. माझीच आहे." उलटी केली, तर खाली मासा, शेपटीपर्यंत हुबेहूब. त्यांनी अंगठा घासला. मासा पुसला जाईना, छापलेला होता. उस्ता कोऱ्या अंगठ्याकडे बघत राहिले. "पोरं छान शिकली, इंजिनियरबाई," ते म्हणाले. "कुठली आहेत?"