सतरा नंबरचा आंबा

"सहा चुकले!" आप्पा बागायतदारांनी मांडीवर थाप मारली. "विसांत सहा! बाई, त्यापेक्षा आमची गोदूबाई बरी."

विमलाने मुंबईहून आणलेल्या संगणकाकडे रागाने पाहिले. आंबे निवडणाऱ्या यंत्रावरचा तिचा दोन वर्षांचा प्रबंध भाट्ये गावच्या या बागेत पणाला लागला होता. वीसच्या वीस आंब्यांवर यंत्राचे आणि गोदूबाईचे एकमत झाले, तरच आप्पा १९८७ चा अख्खा हंगाम तिला प्रयोग करू देणार होते. माणूस दिलदार, पण शब्दाला पक्का. एकोणीस म्हणजे वीस नव्हेत, हे त्यांनी सकाळीच बजावले होते.

नियम तर तिने गोदूबाईकडूनच घेतला होता. देठाजवळचे खांदे भरले आणि साल उजळली, तर आंबा तयार, तो पेटीत. नाहीतर बाजूला. किती भरले, किती उजळली, याला विमला शून्य ते एकमधला आकडा देई. 'आणि' आले की दोहोंतला कमी आकडा धरायचा आणि तो अर्ध्याच्या वर असला तरच पेटी, असे तिने यंत्राला शिकवले होते.

गोदूबाईने चुकलेल्यांतला एक आंबा उचलला. तीस वर्षे ती आंबेच निवडत आली होती.

"ह्यो सावलीत वाढलाय. हिरवाच र्‍हानार. पन खांदा बघ गो बाय, कसा भरलाय! एक कमी पडला, तर दुसरा सांभाळून घेतो."

'सांभाळून घेतो' हे शब्द विमलाने नेमके पकडले. मग तिने भराभर कळा दाबल्या. कमी आकडा नको, दोहोंची सरासरी. पुन्हा सगळे आंबे मोजले. सहातले पाच सुटले, आणि ती आनंदाने टाळ्याच पिटू लागली.

सतरावा मात्र अडला. यंत्र म्हणे, पेटीत. त्याचा आकडा तर विसांत सगळ्यात मोठा. गोदूबाईने मात्र तो आपल्या मागे, बाजूला सरकवलेला. विमलाने आकडे तीनदा तपासले. चूक सापडेना. तिला रडूच कोसळायचे बाकी होते.

"एकोणीस," आप्पा हळहळत म्हणाले. "आता गुंडाळा बाई."

"गोदूबाई, हा तयार का नाही, तेवढं तरी सांगा!"

गोदूबाईने आंबा पदराला पुसून तिच्या हातात ठेवला.

"तयार नाय कोन म्हनतंय? समद्यांत चांगला म्हनून तुज्यासाटी काडून ठेवला गो बाय!"