तेसेल्ली

माझं बाळ जाऊन नऊ दिवस झाले होते. लंडनजवळच्या पिनरमधल्या आमच्या घरात कुणीच तिचं नाव घेत नव्हतं. शेजारची तुर्की नूरहान रव्याचा गरम हलवा घेऊन दारात आली, तशा सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "मूल गेलंय घरातलं, आणि ही शिरा घेऊन येते!"

त्यांचा चेहरा बघून नूरहान घाईघाईनं इंग्रजीत म्हणाली, "आमच्यात कुणी गेलं की हाच करतात. तेसेल्ली म्हणून."

"म्हणजे तसल्ली, आई. सांत्वन," मी म्हटलं.

"हो, शब्द अरबीतून आलाय. मूळ अर्थ विसरणं, असं माझे बाबा सांगायचे," नूरहान म्हणाली.

"बघ! मी तरी दुसरं काय सांगतेय हिला? विसर म्हणून," सासूबाई तिला म्हणाल्या.

नूरहाननं मान खाली घातली. "पण हलवा ढवळताना गेलेल्याचं नाव घेऊन दुवा मागायची असते. मला नावच माहीत नव्हतं, नुसतीच ढवळत राहिले. काय ठेवलं होतं?"



"सावनी," सासूबाई म्हणाल्या. "मीच ठेवलं होतं."