डबीतला ऐवज

तिसऱ्यांदा चुकीचा पिन दाबताना मिस्त्रीचा अंगठा जराही थरथरला नाही. डबीचा नखाएवढा पडदा क्षणभर काळा झाला आणि मग त्यावर कोरं करकरीत स्वागत उमटलं: नवीन यंत्र, सुरुवात करा.

"गेलं सगळं," मिस्त्री म्हणाला आणि चेहरा जमेल तेवढा पाडून खुर्चीत मागे टेकला.

जेवणाच्या टेबलाभोवती बायको, मुलगी आणि थोरली बहीण बसल्या होत्या. मुलीला दुसऱ्या दिवशी सायकल दुरुस्तीच्या वर्कशॉपचा सौदा पक्का करायचा होता. म्हातारा मालक तयार होता, पण दुसरं गिऱ्हाईकही टपून बसलं होतं. निम्मे पैसे तिने स्वतः साठवले होते. उरलेले बापाने कबूल केले होते, याच डबीतून.

डबी म्हणजे हार्डवेअर वॉलेट. मिस्त्रीने जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या, त्यामुळे दोन-दोन ब्रेक असल्याशिवाय त्याला कशाचाच भरवसा वाटत नसे. क्रिप्टोची नाणी त्याने कुठल्या वेबसाइटच्या हवाली न करता या डबीतल्या चावीने कुलूपबंद केली, आणि मग वर्षभर घरात प्रवचनं झोडली. चावी डबीबाहेर पडतच नाही, आणि तीनदा पिन चुकला की डबी स्वतःच पुसून कोरी होते. खात्याचा पत्ता मात्र खुशाल वाटा. टपालपेटीसारखं आहे, टाकणारा कुणीही, काढणारा एकच. बायकोला चिमूटभर रक्कम पाठवायला लावून त्याने हे सिद्धही करून दाखवलं होतं. प्रवचनाचा शेवट ठरलेला असे. भाव पडो, आभाळ पडो, आपण हलायचं नाही.

मग एका सकाळी भाव पडला, आणि चहा निवायच्या आत मिस्त्री सगळी नाणी विकून मोकळा झाला.

पुढच्याच आठवड्यात भाव चढला आणि चढतच गेला. आलेले पैसे घरातच जिरले. गच्चीची गळती थांबली, बायकोचे दोन दात बसले, वॉशिंग मशीन आलं. ओव्हरटाइम मिळाला, असं त्याने सांगून टाकलं. बायको पोहायला शिकवायची. तिच्या पगाराचं काय होतं हे त्याने कधी विचारलं नाही, कारण मग ओव्हरटाइमबद्दल तिनेही विचारलं असतं. फोनमधलं ॲप त्याने काढून टाकलं. त्या खात्याचं तोंड पुन्हा बघायची त्याची छाती झाली नाही.

पैशांचं दुःख एक वेळ परवडलं असतं. पण आपला माणूस डगमगत नाही, एवढं एकच मोठेपण त्याच्या नावावर होतं, आणि बहीण ते नातेवाइकांत पेढ्यासारखं वाटत फिरायची. भित्रा ठरण्यापेक्षा विसराळू ठरणं स्वस्त, असा हिशेब करूनच त्याने आज तिन्ही वेळा पिन चुकवला होता.

अडचण एवढीच झाली, की मुलगी रडली नाही.

"बाबा, डबी पुसली गेली तर गेली," ती म्हणाली. "शब्द आहेत ना तुझे?"

डबी हरवो, जळो की पुसली जावो, ते चोवीस शब्द हाताशी असले की कोऱ्या डबीत तीच चावी पुन्हा तयार होते. हेही त्याच्याच प्रवचनातलं. तिने ते इतकं मन लावून ऐकलं असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. कागद भिजतो म्हणून त्याने ते शब्द स्टीलच्या पट्टीवर ठोकून उमटवले होते. ती पट्टी कुठे ठेवली ते काही केल्या आठवत नाही, असं तो म्हणाला. यावर बहिणीने, अरे, हल्ली तुला जेवलास की नाही तेही आठवत नाही, असा शेरा मारला.

बायको उठली आणि आतून पट्टी घेऊन आली. पंख्याच्या वाटीत ठेवली होतीत, जाळी काढताना हाताला लागली, म्हणाली.

मुलगी एकेक शब्द वाचू लागली आणि मिस्त्री बटणं दाबू लागला. मध्ये एक शब्द त्याने चुकवून पाहिला, पण मुलगी पडद्यावर डोळा ठेवून होती. तिने लगेच दुरुस्त करून घेतला. बायको गाणं गुणगुणत होती. बहिणीने तर वर्कशॉपच्या पाटीचा रंगही ठरवून टाकला. विसावा शब्द झाला तेव्हा मिस्त्रीने पळवाटा शोधणं सोडलं. बाविसाव्याला तो मनात वाक्य जुळवू लागला. पोरी, मी घाबरलो, एवढं म्हटलं की पुढचं आपोआप येईल.

मुलीने डबी लॅपटॉपला जोडली. त्याने घसा खाकरला.

"बाबा," ती म्हणाली, आणि खुर्ची मागे ढकलून तिने त्याच्या गळ्यातच हात टाकले.

पडद्यावर शून्य नव्हतं. वर्कशॉपचे उरलेले पैसे देऊन वर दोन नवी स्टँडं घेता येतील एवढी रक्कम तिथे ऐसपैस बसली होती. मिस्त्रीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रक्कम जागची हलली नाही.

बहीण म्हणाली, "मी सांगत नव्हते? माझा भाऊ हलणारा नाही."

मुलगी तिथूनच वर्कशॉपच्या मालकाला फोन लावून हसत बोलू लागली. विकली होती की स्वप्नात विकली होती, हा विचार मिस्त्रीने मनातल्या मनात बाजूला सारला. मिळालेलं घ्यावं आणि गप्प बसावं. त्याने पाय लांब केले, चेहऱ्यावर जुनं मोठेपण चढवलं, आणि मुलीला सांगितलं की धंद्यातही असंच धीराने घ्यायचं.

बायको मात्र लॅपटॉपपाशी वाकून ओठ हलवत एकेक जमा रक्कम वाचत होती. शेवटची ओळ वाचून ती सावकाश सरळ झाली, खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अहो, हे तर सगळं मी टाकलेलं आहे. तुमची नाणी कुठायत?"