न संपणारे चार दिवस

थीम पार्कच्या तिकीट-खिडकीपुढे पोचल्यावर केल्सीने आपली वही उघडली. ती अकरा वर्षांची होती आणि या खिडकीवरून हलण्याआधी तिला आईवडिलांना एक गोष्ट विकत घ्यायला लावायची होती.

पार्कची तिकिटे दहा दिवसांची होती. तिचे आईवडील कॉरीन आणि रॉइस हॅडली यांनी ती घेतली, कारण सहा दिवसांचे पैसे भरले की पुढचे दिवस जवळजवळ फुकट पडतात. उत्तरेकडून गाडी हाकत येणारी कुटुंबे बहुधा इथेच फसतात. दहा दिवस पार्कात काढायला रजा कुणाकडे असते? सहा दिवस वापरून झाले होते. उद्या सकाळी घरी, फोर्ट वेनला परत निघायचे होते. उरलेले चार दिवस आठवड्याभरात रद्द झाले असते. जास्तीचे पैसे भरले तर मात्र ते कधीच रद्द होत नाहीत. दहा वर्षांनी या, नाहीतर वीस वर्षांनी. अट एकच. पहिल्या दिवशी फाटकावरच्या यंत्रावर ज्याने बोट टेकवले, त्याचेच बोट पुन्हा लागते. तिकिटाचे कार्ड दुसऱ्याला देता येत नाही.

केल्सीला ही अटच सगळ्यात जास्त आवडली होती. चारही कार्डांचे जास्तीचे पैसे भरले की चौघांना यावे लागणार होते. चौघांनी, एकत्र.

मंगळवारी ती हॉटेलात बादली घेऊन बर्फ आणायला गेली, तेव्हा बर्फाच्या यंत्रापलीकडे तिचे वडील फोनवर बोलत होते. एका खोलीचे घरही चालेल, ते म्हणत होते. एक ऑगस्टपासून. मुले शनिवार-रविवारीच येतील, त्यांच्यासाठी उघडून पलंग होतो तसला सोफा असला म्हणजे झाले. केल्सी रिकामी बादली घेऊन वर आली आणि यंत्र बिघडलेय असे तिने सांगितले. तेव्हापासून ती वहीत आकडे मांडत होती.

आता तिने ते वाचून दाखवले. तिकिटे दरवर्षी महाग होतात. तीन वर्षांत एकदा जरी आलो तरी जास्तीचे पैसे वसूल होतात. कॉरीन म्हणाली, एवढ्या पैशांत घरी नवे वॉशिंग मशीन येईल. रॉइसने बघू म्हटले. त्याच्या खांद्यावर केल्सीचा सहा वर्षांचा भाऊ ट्रेव्हर बसला होता. पुढच्या वेळी पार्कातले ते झुलणारे जहाज इथेच असेल का, एवढेच त्याला कळायला हवे होते.

खिडकीतल्या बाईंच्या बिल्ल्यावर, तिथल्या रिवाजाप्रमाणे, नाव आणि गाव होते: व्हर्ना, मोबील, अलाबामा. त्या केल्सीकडे पाहून हसल्या.

"वकील बरोबरच आणलीय की तुम्ही. फी काय घेते?"

मग त्यांनी रॉइसला सरळ सांगितले. "यायचं नक्की असेल तरच घ्या. नाहीतर कपाटात पडून राहतात ही कार्डं. दर आठवड्याला कुणीतरी आजोबांचं कार्ड घेऊन इथं उभं राहतं, आणि मला नाही म्हणावं लागतं."

"आम्ही येणार आहोत," केल्सी म्हणाली.

व्हर्नांनी मोठ्यांकडे पाहिले. नाही कुणीच म्हटले नाही. "मग किती कार्डांवर करू?"

"तीन," कॉरीन म्हणाली.

तिने ते ठरवून म्हटले नव्हते. गेले काही महिने ती मनात असेच मोजत होती आणि तोंडून तेच गेले. व्हर्नांचे हात कळफलकावर थांबले. ट्रेव्हरने वरून बोट फिरवत सगळ्यांना मोजले, स्वतःला धरून.

"चार आहेत. मॉमला मोजता येत नाही."

"चार," रॉइस म्हणाला. "चारही करा."

"रॉइस, उगाच कशाला तुझं..."

"करा."

कॉरीनने केल्सीकडे पाहिले. केल्सी वहीत पाहत होती. तिला हवे होते ते झाले होते. हे झाले की सगळे ठीक होईल असे तिला मंगळवारपासून वाटत होते. पण वडिलांनी कुणाकडेही न बघता क्रेडिट कार्ड पुढे केले होते, दुकानात हातून फुटलेल्या भांड्याचे पैसे भरावेत तसे.

मागच्या बाजूला नावे लिहायला व्हर्नांनी शाईचे पेन दिले. रॉइसने आपले नाव लिहिले आणि ते कार्ड केल्सीच्या हातात ठेवले.

"हे तूच सांभाळ. माझ्याकडून हरवेल."

"डॅड, तू कुठलं बोट दिलं होतंस?"

"कुणाला आठवतंय आता, बाळा."

केल्सीला आठवत होते. फाटकावर ती त्याच्या मागेच होती. तिने कार्ड खिडकीच्या फळीवर पालथे ठेवले, त्याचा उजवा हात ओढून घेतला, अंगठ्याशेजारचे बोट त्याच्या नावाखाली आडवे ठेवले आणि पेनाने कडेकडेने रेघ काढू लागली. नोव्हेंबरात शाळेत पंजा कागदावर ठेवून टर्की पक्ष्याचे चित्र काढतात, तशी. मागे रांगेत कुणीतरी खाकरले. व्हर्नांनी त्या माणसाकडे पाहिले आणि तो गप्प झाला.

बोट कार्डावर मावेना. दोन्ही रेघा कडेवरून घसरून लाकडी फळीवर आल्या. केल्सी थांबली नाही. बोट जिथे हाताला जुळते तिथपर्यंत तिने रेघ नेली.

मग रॉइसने हात काढून घेतला, आणि तिने कार्ड उचलले. त्यावर बोटाचे टोक तेवढे आले होते.