साबणाची डबी

“विदुरी, थांब. आहेस तिथंच थांब.”

वेनिंग बाईंनी दुचाकी रस्त्यातच आडवी टाकली आणि त्या शेताच्या कडेला धावल्या. त्यांच्या आठवीच्या वर्गातली विदुरी भातखाचराच्या बांधावरून सरळ पुढं चालली होती. हातात बांबूची काठी, काठीच्या टोकाला बांधलेली साबणाची प्लास्टिकची डबी. डबी टीक-टीक वाजत होती.

डबी वाजणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनीच शिकवलं होतं. जवळच्या तारेत वीज असली की डबी वाजते. सोलो शहराच्या जुन्या बाजारातून मोडके रेडिओ किलोवर आणायचे, त्यांतले सुटे भाग काढून मुलांच्या हाती द्यायचे, हा त्यांचा उद्योग. अशी एक डबी वाडगाभर सोतो रश्श्याच्या पैशांत तयार होई. यंत्रं बनवायला श्रीमंताच्याच पोटी जन्मावं लागतं की काय, असं त्या हेडमास्तरांना ठणकावून विचारत. आता मात्र तो सगळा ताठा कुठल्या कुठे गेला. स्वस्तातल्या भागांशी मुलांनी खेळावं, त्यांच्यावर जीव टांगू नये.

उंदरांनी गावचं भात कुरतडायला सुरुवात केल्यापासून जो तो शेताभोवती उघडी तार लावून रात्री तिच्यात घरची वीज सोडत होता. बंदी होती, ती कागदावर. तारेबरोबर खांबावर एक दिवा लावायची रीत होती. दिवा पेटलेला असला तर तारेत वीज, विझलेला असला तर वाट मोकळी. पहाटेच्या नमाजानंतर घरोघरी बटणं बंद होत आणि पोरं बांधावरून शाळेला येत. गेल्या पिकाच्या वेळी विदुरीचा बाप अशाच एका तारेवर गेला. चार दिवस गाव हळहळलं. तारा होत्या तिथंच राहिल्या, उंदीरही राहिले.

आणि आता त्याची पोर तारेकडे निघाली होती.

पलीकडून पा जुमारी खांद्यावर कुदळ टाकून येत होते. शेत त्यांचंच. गावात मोठ्या माणसाला ‘पा’ म्हणत, बाईला ‘बू’. “कशाला ओरडता बू सकाळी सकाळी? दिवा विझलाय की. बायकोनं बटण बंद केलंय.”

“पा, डबी वाजतेय. तारेत वीज आहे.”

“ही डबी?” जुमारी हसले. “माझ्या दिव्यापेक्षा तुमची साबणाची डबी शहाणी? न्दुक, उघडून बघ गं पोरी, आत वडीबिडी राहिली असेल.”

विदुरी हसली नाही. थांबलीही नाही. डोळे डबीवर, पाऊल जपून. डबी वाजतच होती.

बाईंना पुढं जाववेना, मागं राहवेना. धावत जाऊन तिला ओढावं, तर ओल्या बांधावर दोघी घसरून तारेवरच पडायच्या.

“बाळ, माझं ऐक. मागं फिर.”

“वाजतेय ना बू,” विदुरी मागं न बघता म्हणाली, “मग भिऊ नका.”

बाप गेल्यापासून पोरीच्या मनाचं काही खरं नव्हतं. ती मुद्दामच तर जात नसेल, असं एकदम बाईंच्या मनात आलं आणि त्यांनी डोळे गच्च मिटले.

तारेपासून हातभर अंतरावर डबी गप्प झाली. बाईंनी डोळे उघडले. विदुरी उभी होती, धडधाकट. बाईंचा जीव भांड्यात पडला. वीज नव्हतीच तर. ओल लागून उगाच वाजत असणार, स्वस्तातलं काम ते.

“झालं? दमली तुमची डबी?” जुमारी तारेपाशी पोचले होते. माणूस तसा भला. पोरं आली की पायानं तार चिखलात दाबून धरायचा, म्हणजे त्यांना ओलांडता येई. “ये न्दुक, वाट करून देतो,” म्हणत त्यांनी अनवाणी पाय उचलला.

विदुरीनं काठी फिरवून त्यांच्या नडगीवर हाणली.

जुमारी मागच्या मागं खाचरात आपटले. खांद्यावरची कुदळ सुटून तारेवर पडली. तडतड झालं, निळी ठिणगी उडाली, जळका वास सुटला. खांबावरचा दिवा विझलेलाच होता.

शिवी जुमारींच्या ओठांवरच राहिली. ते चिखलातून ढुंगणावर सरकत मागं गेले आणि घरी फोन लावू लागले.

विदुरी एकेक पाऊल मागं येत रस्त्याला लागली. बाईंनी तिला घट्ट धरलं.

“अगं, सगळ्या वाटेनं वाजत होती,” बाई कशाबशा म्हणाल्या. “आणि वीज आली तिथंच गप्प?”

“मी आतली जोडणी बदलली बू. तुमची डबी वीज असली की वाजायची. पण सेल संपला तर ती गप्पच राहणार, आणि माणूस म्हणणार वाट मोकळी आहे.” विदुरीनं डबीवरचा चिखल बोटानं पुसला. “बाबा गेला तेव्हाही दिवा विझलेला होता. नुसता बल्ब उडाला होता. म्हणून माझी डबी सगळं ठीक असेल तोवर बोलते. ती गप्प झाली, की भ्यायचं.”